महिनेवारी पगार, गाडीमागे मजुरी की रोजंदारी: तालुक्याच्या गावातील कार डिटेलिंगच्या दुकानासाठी तुलना

गाड्या धुण्याच्या जागेला डिटेलिंगची, म्हणजे आतील सखोल सफाई, रंगाचे पॉलिश आणि कोटिंग यांची जोड द्यायचे ठरले की प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम आणि पॉलिशिंग मशीन यांचा खर्च आधीच मांडता येतो, कारण तो एकदाच होतो किंवा त्याचा हप्ता ठरलेला असतो. माणसांचा खर्च तसा मांडता येत नाही. वरूड, आर्वी, पुसद किंवा वणी यांसारख्या गावात दोन ते चार माणसांवर चालणाऱ्या दुकानासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: महिन्याचा पगार, गाडीमागे ठरलेली मजुरी आणि गरजेपुरती रोजंदारी. शेतीत साल, उक्ते आणि रोजी या तिन्ही पद्धती रुळलेल्या असल्यामुळे मालक आणि कामगार दोघांनाही त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र दुकानात त्यांचे परिणाम शेतीपेक्षा वेगळे होतात.

याचे कारण असे की येथे एकाच छपराखाली दोन प्रकारची कामे चालतात. गाडी बाहेरून धुऊन पुसायला अर्धा-पाऊण तास लागतो. आसने, छत आणि गालिचे धुऊन आतील सफाई करायची असेल तर दोन ते चार तास जातात. रंगावरचे बारीक ओरखडे काढून पॉलिश करण्यात एका कसबी माणसाचा पूर्ण दिवस मोडतो आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला संरक्षक थर) केलेली गाडी त्यानंतरही किमान एक दिवस पाण्यापासून दूर ठेवावी लागते, म्हणजे तिने अडवलेली जागा दुसऱ्या गाडीला देता येत नाही. त्यामुळे ‘रोज किती गाड्या होतात’ या प्रश्नावर माणसे ठरवली तर हिशेब चुकतो. धुण्याचे काम गाड्यांत मोजावे आणि डिटेलिंगचे तासांत.

आधी गाडीमागे मजुरीचा विचार करू, कारण नव्या मालकाला तीच सर्वांत सोयीची वाटते. उदाहरणापुरते आकडे घ्यायचे तर दोन माणसांना दरमहा 14,000 रुपये दिल्यास 28,000 रुपये होतात, आणि गाडीमागे 70 रुपये मजुरी ठरवल्यास तेवढाच खर्च 400 गाड्यांना येतो. महिन्यात 26 दिवस दुकान चालते असे धरले तर रोज पंधरा-सोळा गाड्या झाल्या. त्याहून कमी गाड्या येत असतील तर कागदावर गाडीमागची मजुरी स्वस्त आहे. पण महिन्यात 200 गाड्याच आल्या तर दोघांच्या वाट्याला प्रत्येकी 7,000 रुपये येतात, आणि तेवढ्यावर कामाचा मुलगा टिकत नाही. शिवाय माणूस नगावर काम करत असला तरी किमान वेतनाचे बंधन सुटत नाही. हे दर परिमंडळाप्रमाणे आणि कामाच्या कुशलतेप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या तालुक्याला लागू असलेला दर पाहूनच वरील आकड्यांच्या जागी खरे आकडे घालावेत.

या पद्धतीचा खरा दोष पैशापेक्षा कामात दिसतो. गाडीवर पैसे मिळणारा माणूस घाई करतो आणि त्याला दोष देता येत नाही, कारण आपणच त्याला घाईचे पैसे देत असतो. चाके पुसलेलेच कापड बॉनेटवर फिरते, खाली पडलेले कापड न धुता पुन्हा वापरले जाते आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात गोल रेघांचे जाळे दिसू लागते. त्या रेघा काढून द्यायच्या म्हटले की पॉलिशचा एक दिवस फुकट जातो, आणि गाडीमागे वाचवलेले दहा-वीस रुपये त्यात कितीतरी वेळा बुडतात. दुसरी अडचण एकाच दराची आहे. पावसाळ्यात पांदणीतून आलेल्या बोलेरोच्या खालच्या अंगाला चिकटलेली काळी माती सुटायला डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या स्विफ्टच्या दुप्पट वेळ लागतो. दोन्हींना सारखी मजुरी असेल तर चिखलाची गाडी आली की सगळेच दुसऱ्या कामात असतात. म्हणून साधी गाडी, चिखलाची गाडी आणि मोठी गाडी असे निदान तीन दर हवेत.

महिनेवारी पगाराचा माणूस मंदीत अंगावर पडतो, आणि ही भीती खोटी नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत धुलाई जवळजवळ थांबते, पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला दुकान बंद राहते, पगार मात्र चालू असतो. उचल हा आणखी एक विषय आहे. पेरणीच्या तोंडावर किंवा घरच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटण्याआधीच माणूस काम सोडतो, तेव्हा मालकाच्या हाती काही उरत नाही. उचल एका पगाराच्या आत ठेवावी आणि ती वहीत सहीनिशी लिहावी, एवढेच यावर करता येते.

तरीही डिटेलिंगच्या कामासाठी मला पगारी माणसाला पर्याय दिसत नाही. मशीन कोणत्या वेगावर चालवायचे, काठावरचा रंग पातळ असतो म्हणून तेथे किती वेळ थांबायचे, मशीनच्या कोणत्या पॅडला कोणते कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) लावायचे, हे महिन्यांच्या सरावाने येते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना पत्रा इतका तापतो की शाम्पू धुण्याआधीच सुकतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, तर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर आणि रंगावर बसतात. अशा ठिकाणी सकाळी लवकर आणि सायंकाळी बाहेरचे काम, दुपारी सावलीत आतील सफाई, अशी विभागणी पगारी माणसाबरोबर सहज बसवता येते. गाडीमागे मजुरी घेणारा दुपारी थांबायला तयार नसतो, कारण थांबलेल्या वेळेचे त्याला काही मिळत नाही. झडीच्या रिकाम्या दिवसांत पगारी माणसाकडून ठरवून दिलेल्या तारखांची डिटेलिंगची कामे करून घेता येतात. छप्पर असेल तर पावसाचा या कामाशी फारसा संबंध नाही.

रोजंदारीबद्दल थोडक्यात सांगता येईल. खंडेनवमी आणि दसऱ्याला गाड्यांची रीघ लागते तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे, पण नेमके त्याच सुमारास सोयाबीनची कापणी आणि मळणी चालू असते, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी लागते आणि गावात हात मिळेनासे होतात. तेव्हा दुकानदाराला शेतीच्या रोजीशी स्पर्धा करावी लागते. मिळालेल्या नवख्या माणसाला पुसणे, गालिचे झटकणे आणि पाणी भरणे एवढेच द्यावे. प्रेशर वॉशर त्याच्या हाती गेला की इंजिनाच्या वायरिंगमध्ये पाणी शिरते किंवा रंगाचा सैल पापुद्रा उडतो. सुटीतली शाळकरी पोरे स्वस्तात मिळतात म्हणून कोणी सुचवेल, पण चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे.

कोणी काय निवडावे, हे दुकानाच्या कामावरून ठरते. फक्त धुलाई असेल, मालक स्वतः पूर्ण वेळ उभा राहत असेल आणि रोज दहाच्या आत गाड्या येत असतील, तर किमान रकमेची हमी देऊन त्यावर गाडीमागे मजुरी द्यावी. वणीसारख्या कोळशाच्या पट्ट्यात धुळीमुळे वर्षभर गाड्या येत असतील, तर धुलाईलाही पगारी माणूस परवडू शकतो. डिटेलिंगची आठवड्याला दोन-तीन कामे ठरू लागली की एक कसबी माणूस पगारावर घ्यावा आणि धुलाईची माणसे हमी व गाडीमागे मजुरी या मिश्र पद्धतीवर ठेवावीत. पॉलिश आणि कोटिंगसाठी नगावर मजुरी कधीही ठरवू नये. बक्षीस द्यायचेच असेल तर पंधरा दिवस तक्रार न आलेल्या कामामागे द्यावे. पद्धत बदलायची असेल तर ती आश्विनात बदलू नये. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर महिनाभर प्रत्येक गाडीची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ वहीत लिहावी, त्यावरून धुलाईचे आणि डिटेलिंगचे तास वेगळे काढावेत, आणि मगच माणसांशी बोलायला बसावे.