उजनीसाठी जुनी होडी: काठावरची, कोकणातली की फोटोवरून पसंत केलेली?

उजनीत चालवायला जुनी होडी घ्यायची ठरली की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसापुढं तीन रस्ते असतात. पहिला, टेंभुर्णी, करमाळा, भिगवण या पट्ट्यातलीच कुणाची तरी वापरलेली होडी. दुसरा, मालवण, देवगड, रत्नागिरीकडची समुद्रात चाललेली फायबरची बोट. तिसरा, गोवा किंवा मुंबईकडची पर्यटनाची बोट, जी मोबाइलवर दिसली, जिचा मालक फक्त फोनवर भेटला आणि जो म्हणतोय, "टोकन टाका, दोन गिऱ्हाईकं अजून विचारतायत." फोटोत ही तिसरीच सगळ्यांत देखणी असते.

माझं मत आधीच सांगतो. होडीची बॉडी लांबून आणायला हरकत नाही. जुनं इंजिन लांबून आणू नका. आणि ज्या होडीत दुसऱ्यांची लेकरंबाळं बसणार आहेत, ती स्वतः पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आधी आपलं पाणी

समुद्रात चाललेली बोट धरणात सहज चालेल, असं बहुतेकांना वाटतं. उजनीचं पाणी मात्र दोन तोंडांचं आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात पातळी 'वजा'त, म्हणजे मृतसाठ्याच्याही आत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ती वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती, खोडं, पळसदेवचं देऊळ वर येतं. वर्षातले काही महिने तुमची होडी गाळातून ओढली जाणार आणि न दिसणाऱ्या दगडांवर घासणार, हे धरूनच चाला. समुद्रातल्या बोटीचा तळ लाट कापायला निमुळता केलेला असतो. ती खोल बसते आणि उथळ काठापासून बरीच लांब अडकते. सपाट तळाची होडी गुडघाभर पाण्यातही काठाला लागते.

दुसरं तोंड वाऱ्याचं. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. उजनीवर होडी घेणाऱ्या प्रत्येकानं ही तारीख डोक्यात ठेवूनच सौदा करावा. वळवाचा वारा सुटला की रुंद पाण्यावर पटकन आखूड, उभ्या लाटा उठतात. काठ बुटका असलेली सपाट होडी तेव्हा बाजूनं पाणी घेते. उंच नाळेची (नाळ म्हणजे पुढचं टोक), उंच काठाची समुद्री बोट त्या वेळी खरोखर उपयोगी पडते.

म्हणून दोघा-तिघांनी काठाकाठानं जाळी टाकायची असतील तर सपाट तळाची, आणि प्रवासी किंवा पक्षी बघायला आलेली माणसं न्यायची असतील तर उंच काठाची, अशी निवड आधी करा. भाव नंतर. आणखी एक बारीक गोष्ट: समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. तीच होडी तेवढीच माणसं घेऊन उजनीत किंचित खोल बसते. मालवणचा मालक "दहा माणसं आरामात" म्हणाला तर उजनीसाठी आठच धरा. त्यात वाऱ्याचाही हिशेब येतो.

बॉडी: तिन्हींत काय बघायचं

काठावरच्या होडीचा मोठा गुण म्हणजे ती कामावर असताना बघता येते. ज्या धक्क्यावर ती लागते तिथं सकाळी तासभर थांबलं तर आतलं पाणी किती वेळा उपसतात ते दिसतं. शेजारचे भोई बांधव खरं सांगतात, कारण उद्या त्याच पाण्यावर त्यांची-तुमची गाठ असते. होडी पत्र्याची असेल तर सांधे आणि वेल्डिंग बघा, नुकताच डांबर-रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघा. अडचण एवढीच की चांगली होडी विकायला निघाली तर ती बाहेर कळायच्या आधी भावकीतच जाते. बाजारात उरते ती बहुधा थकलेली. शिवाय पाणी भरलं तरी तरंगत राहावं म्हणून जो फोम किंवा हवाबंद कप्पे लागतात, ते पत्र्याच्या होड्यांत अनेकदा नसतातच.

कोकणातल्या फायबर बोटीत निवड जास्त मिळते, पण तिथं नजर तयार हवी. पहिलं बघायचं ते ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची फळी. बऱ्याच बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी आत झिरपून ते कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणटणीत आवाज बदलून ढप्प झाला की तिथं लाकूड गेलं. मग इंजिन धरून वर-खाली दाबा. फळी हलली किंवा कोपऱ्यात केसासारखी चीर उघडली तर ती बोट सोडा. ट्रान्सम नव्यानं बांधता येतं, पण ते काम करणारा कारागीर आपल्याकडे शोधावा लागेल आणि खर्चाचा अंदाज दुरून लागत नाही.

दुसरं, "फायबरची आहे" म्हणजे अख्खी फायबरची की जुन्या लाकडी होडीवर फायबर चढवलेलं, हे स्पष्ट विचारा. लाकडावर चढवलेलं फायबर आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. आतून हात घालून फळ्या, बरगड्या दिसतात का ते पाहिलं की कळतं. तिसरं, सिंधुदुर्गाकडच्या अरुंद होड्यांना बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेलं तरंगतं लाकूड असतं, तिच्यामुळं त्या समुद्रात तोल राखतात. जलपर्णीत आणि जाळ्यांत उलांडी अडकते म्हणून आपल्याकडे आणल्यावर ती काढावीशी वाटेल. उलांडीसाठी घडवलेली होडी उलांडीशिवाय कलते. फोटोत उलांडी नसेल तर तिच्या आडव्या दांड्या बांधायच्या जागा, खाचा दिसतात का ते बघा.

चौथी तपासणी आपल्या जिल्ह्यात सोपी आहे, कारण साखर कारखान्यांमुळं वजनकाट्याची आपल्याला सवय आहे. तळातला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत राहिला तर तो सुकत नाही आणि बोट शेकडो किलोंनी जड होते. रिकामा टेम्पो काट्यावर, मग बोट चढवून पुन्हा काट्यावर. त्याच मापाच्या नव्या बोटीचं वजन बनवणाऱ्याकडून फोनवर विचारा. फरक मोठा असेल तर उरलेले पैसे देण्याआधी तिथंच थांबा. हा काटा कोकणात करायचा, घरी आल्यावर नव्हे.

तिसऱ्या रस्त्यावरच्या पर्यटन बोटीबद्दल मी थोडक्यात सांगतो. तळ खोल, इंजिन मोठं, पेट्रोलची भूक मोठी, सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही किनाऱ्यावर. शिवाय वेगानं पळवल्याशिवाय ती नीट चालत नाही आणि भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो उथळ पाण्यात चरत असताना तसली बोट तिथं नेणं मला पटत नाही. ज्या पक्ष्यांसाठी माणसं येतात तेच उठून गेले तर धंदाही उठेल.

इंजिन: इथं मी हटून बसतो

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन ज्या पाण्यात चालतं तेच पाणी आत ओढून थंड होतं. समुद्रातल्या इंजिनाच्या आत वर्षानुवर्षं खारं पाणी फिरलेलं असतं. वापरानंतर रोज गोड्या पाण्यानं धुतलं असेल तर ते टिकतं, नसेल तर आतल्या वाटा मिठानं बुजतात आणि इंजिन तापतं. धुतलं होतं की नाही हे विक्रेत्याच्या शब्दाखेरीज कशावरूनच कळत नाही. म्हणून लांबून आणायची तर नुसती बॉडी आणा आणि इंजिन नवं घ्या, किंवा गोड्या पाण्यातच चाललेलं जवळपासचं घ्या. एकत्र सौद्यात इंजिन 'फुकट' पडतंय असं वाटलं तरी त्याची किंमत शून्य धरूनच बॉडीचा भाव करा.

तरीही इंजिनासकट घेणारच असाल तर निदान एवढं करा. तुम्ही पोहोचायच्या आधी ते सुरू करून ठेवू नका असं बजावा; गार इंजिन किती ओढण्यांत सुरू होतं ते तुमच्यासमोर दिसलं पाहिजे. सुरू झाल्यावर मागून पाण्याची पिचकारी सलग, जोरात यायला हवी. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू किंचित सैल करून तेल बघा. दुधासारखं पांढरट आलं तर सील गेलेलं आहे. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर लावून सगळ्या सिलिंडरचे आकडे घ्या. त्यांच्यात १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. शाफ्टची, म्हणजे पंख्यापर्यंत उतरणाऱ्या दांड्याची लांबीही मोजा. १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार सर्रास असतात आणि ट्रान्समच्या उंचीशी ती जुळली नाही तर पंखा एकतर हवा कापतो किंवा उजनीचा गाळ. इंजिनाचा नंबर खोडलेला असेल तर पुढं बोलूच नका.

काठावरचं इंजिन दोषमुक्त असतं असं नाही. गाळ आणि शेवाळामुळं त्याचा पाणी ओढणारा रबरी इम्पेलर झिजतो, जलपर्णी पंख्याला गुंडाळते. पण हे दोष दिसतात आणि टेंभुर्णीच्या आसपास दुरुस्त होतात.

स्वतः जाणं की व्हिडिओ कॉल

स्वतः जाणं. पण पहिली चाळणी व्हिडिओवर जरूर करा, म्हणजे दहा बोटींसाठी दहा वेळा घाट उतरावा लागत नाही. न थांबवता काढलेला एकच सलग व्हिडिओ मागा: नाळेपासून तळाखालून ट्रान्समपर्यंत, मग ठोकण्याचा आवाज, मग बुच काढल्यावर आतून किती पाणी येतं ते. तुकडे जोडलेला व्हिडिओ आला तर ज्या जागा सुटल्यात तिथंच दोष असतो. जाताना त्याच किनाऱ्यावरचा, पण विक्रेत्याच्या गावचा नसलेला मेकॅनिक मजुरी देऊन बरोबर घ्या. आणि पाण्यात घातल्यावर तुमच्या धंद्यात जेवढी माणसं बसणार तेवढी बसवा. एका बाजूला सगळ्यांना सरकवून काठ पाण्यापासून किती वर राहतो ते डोळ्यांनी बघा.

कागद आणि पैसे

काठावरच्या होडीला बऱ्याचदा कागदच नसतो. कोकणातल्या मासेमारी बोटीवर 'आयएनडी-एमएच'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो; तो कागदावरच्या क्रमांकाशी, नावाशी आणि विक्रेत्याच्या आधारशी जुळला पाहिजे. मच्छीमार संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज, सरकारी अनुदानाची अट, यांपैकी काही शिल्लक नाही असा संस्थेचा दाखला घ्या. समुद्रातली नोंदणी रद्द झाल्याचा कागद विक्रेत्यानंच आणून द्यायचा, ही अट करारनाम्यात लिहा. धरणात इंजिनावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो, म्हणजे सर्वेक्षण आणि नोंदणी नव्यानं; प्रवासी न्यायचे तर जलसंपदा विभागाचीही परवानगी. यात कागद नसलेली स्वस्त होडी महाग पडू शकते. मासेमारी हाच व्यवसाय असेल तर जुनी घेण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदानाचं प्रमाण सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्यांचा त्यात समावेश आहे. बसलं तर नवी होडी जुनीच्या भावात पडेल.

पैसे नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्याच बँक खात्यात. मेव्हण्याच्या, मॅनेजरच्या नको. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं "रोख द्या, कमी करतो" म्हणणाऱ्याला हेच सांगा. टोकन पाठवून फोन बंद लागला तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, पैसे गोठवण्याची शक्यता सुरुवातीलाच असते.

वाहतूक आणि वेळ

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, सांगोला असा राष्ट्रीय महामार्ग सरळ सोलापूरला येतो. मालवणकडून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट. बोट १७ फुटांच्या आत असेल तर १७ फुटी आयशरमध्ये मावते. मागं लोंबती ठेवून आणू नका. तळाखाली टायर किंवा भुशाची पोती घाला आणि पट्टे ट्रान्समवरून आवळू नका. भाडं ठरवताना टेम्पो परतीला रिकामा जाणार की भरून, हे विचारलं तर भावात खरा फरक पडतो.

जायचं कधी, तर मेच्या मध्यावर. १ जूनला समुद्रात मासेमारीबंदी लागते, त्यानंतर बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. तळ दिसतो पण पाण्यात चालवून बघता येत नाही. मेच्या मध्यावर दोन्ही जमतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर विकणाऱ्यालाही बोट सांभाळण्यापेक्षा मोकळं व्हायचं असतं. तेव्हा उजनी तळाला असते. पुण्याकडच्या धरणांतून विसर्ग येऊन ती भरायला लागेपर्यंत बॉडी घासायला, बोल्ट बदलायला, कागद फिरवायला आणि माणसामागं एक लाइफ जॅकेट जमवायला तुमच्याकडे सवड असते.