सहा फूट दोन इंच उंची आणि हायवेचा वारा: आठेक महिन्यांच्या खटपटीनंतर

आधी उंची सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सहा फूट दोन इंच, त्यातही पाय बेताचे आणि धड लांब. मोटरसायकल चारशे सीसीच्या आसपासची, अ‍ॅडव्हेंचर प्रकारातली, कंपनीच्या मध्यम उंचीच्या विंडशिल्डसकट (म्हणजे समोरची वारा अडवणारी काच). नाशिकमध्ये किंवा गंगापूर धरणाकडे फिरताना वाऱ्याचं नावही निघत नाही. पण पाथर्डी फाटा सोडून मुंबईकडे निघालं आणि काटा ऐंशीपुढे गेला, की हेल्मेट थडथडायला लागायचं. घोटी येईपर्यंत समोरच्या ट्रकचा नंबर धड वाचता येत नसे, आणि घाट उतरून चहाला थांबलं तरी कानात बारीक शिट्टी चालूच. समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे मुंबईला जायचं म्हणजे कसारा आणि हा वारा, दोन्ही वाट्याला आलेच.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: मोठं विंडशिल्ड लाव. साडेपाच फुटी मित्राला त्याने खरोखर आराम पडलाय. त्याचंच काढून माझ्या गाडीवर लावून पाहिलं, तर छातीवरचा वारा गेला आणि डोक्याचे हाल दुप्पट झाले. कारण सरळ आहे. विंडशिल्डच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा पुढे सरळ जात नाही, तिचे भोवरे होतात. बुटक्या माणसाच्या डोक्यावरून ते निघून जातात, माझ्या मात्र बरोबर हनुवटीवर येऊन आदळतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. म्हणून ऐंशीला चालवून घेतलेलं शंभरला असह्य होतं.

पैसे घालवण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या. मोकळा, सरळ रस्ता बघून, दोन्ही हात हँडलवर ठेवून पाय ठेवायच्या फूटपेगवर जरा उभं राहायचं. वाऱ्याचा दाब वाढेल, पण थडथड थांबली आणि आवाज एकसारखा झाला, तर तुमचं डोकं नेमकं भोवऱ्यांत बसतंय. मग त्याला एक तर त्यांच्या पूर्ण खाली न्यायचं किंवा पूर्ण वर. आमच्या उंचीला खाली नेणारी काच लावली तर तिच्या आरपार बघत गाडी चालवावी लागेल, आणि पावसात रात्री तसं चालवणं मला तरी मान्य नाही.

म्हणून उलटा रस्ता धरला. विंडशिल्डच्या आतल्या बाजूला लोकरीचे बोटभर दोरे सेलोटेपने चिकटवले आणि मित्राच्या मागे बसलेल्या त्याच्या भावाला बाजूने मोबाइलवर शूट करायला लावलं. घरी येऊन व्हिडिओ हळू करून पाहिला. वरच्या कडेचे दोरे वेड्यासारखे गोल फिरत होते, ते अपेक्षितच होतं. पण मधले दोरे मागे उडायचे सोडून पुढे, काचेकडे झुकलेले! काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरायला हवा माझ्या अंगाकडून उलटी ओढली जाते. त्या पोकळीला खालून हवा दिली तर वरचे भोवरे नरम पडतात.

अंबडच्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचे चार स्पेसर, म्हणजे काच आणि गाडी यांच्यात अंतर ठेवणाऱ्या नळ्या, टर्न करून घेतले, वीस मिलीमीटरचे. त्याने आधी दोनदा विचारलं, "भाऊ, काच लांब करून वारा कमी कसा होईल?" विंडशिल्ड तेवढं पुढे सरकलं, खाली बोटभर फट पडली. नंतर वरच्या कडेला क्लॅम्पने बसणारा, कोन बदलता येणारा छोटा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी पट्टी, लावला, तोही कडेला चिकटवून नव्हे तर मध्ये फट ठेवून. कोन जुळवायला बरेच रविवार गेले. एक खाच इकडेतिकडे झाली तरी फरक कळतो. आता शंभरला हेल्मेट स्थिर असतं. आवाज आहे, पण एका सुरात.

तो उरलेला आवाज विंडशिल्डने जात नाही. ताशी शंभरला हेल्मेटच्या आत तो १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. नाशिक-मुंबईला किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. यावर सगळ्यात मोठा गुण आला तो मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फोमच्या इअरप्लगने, आणि तो सगळ्यात स्वस्त. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. नुसता कोंबला तर उपयोग शून्य. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, उलट वाऱ्याची घरघर कमी झाल्याने जास्त स्पष्ट येतो. गावात शिरताना मी काढतो.

हेल्मेटमध्ये हवा आत शिरते ती मुख्यतः खालून, मानेकडून. गालाचे पॅड जाड घेतले, चिन कर्टन (हनुवटीखालची फट झाकणारा पडदा) लावला आणि वरची टोपीसारखी पीक काढून टाकली. दिसायला रुबाबदार असते, पण हायवेला शिडासारखी वारा धरते. पावसाळ्यात इगतपुरीला मात्र कर्टन काढावाच लागतो, नाहीतर श्वासाने हेल्मेटची काच धुरकट होते. उन्हाळ्यात विंडशिल्डच्या खालच्या फटीतून छातीवर येणारी हवा बरीच वाटते.

तोटा मागे बसणाऱ्याला. बायको म्हणते, "तुझं डोकं हलायचं थांबलं, आता माझं हलतं." ती गाडीवर असली की मी नव्वदच्या वर जात नाही, यापुढे तोडगा अजून सापडलेला नाही. कंटेनरच्या मागून येणारी गदगद तर कुठल्याच उपायाने जात नाही. अंतर ठेवायचं किंवा ओव्हरटेक करून मोकळं व्हायचं.

सीटचा फोम कापून खाली बसायचा सल्लाही मिळाला होता. गुडघे आधीच टाकीला टेकतात, तो नाद सोडला. आणि डिफ्लेक्टर लावणार असाल तर स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो चिकट द्रव) लावू नका, त्याने काचेचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक तडकतं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) घाला, खाली रबरी वॉशर ठेवा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्यावर एकदा हाताने हलवून बघा.