लाकडी मोल्डिंग बॉक्स: आठ महिने आणि एक पुणेरी पावसाळा

धातू ओतायला वाळूचा साचा करायचा, तर वाळू ठासायला वरची आणि खालची अशी दोन भागांची पेटी लागते. माझी मी फेब्रुवारीत केली. तेव्हापासून वीसेक वेळा तिच्यात अ‍ॅल्युमिनियम ओतलंय. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या आणल्या होत्या, पाऊण इंच जाडीच्या. आतून बारा बाय दहा इंच, वरची-खालची प्रत्येकी चार इंच उंच. फेविकॉल, स्क्रू, आणि आतून चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी. ही पट्टी विसरू नका. पेटीला बूड नसतं, ठासलेली वाळू तिच्याच आधारावर तग धरते.

लाकडाने दगा दिला नाही, वरची-खालची पेटी एकमेकींवर नेमकी जुळवणाऱ्या पिनांनी दिला. पैसे वाचवायला मी लाकडी गुल्ल्या लावल्या होत्या. एप्रिलपर्यंत मस्त. जुलैत लाकूड फुगलं, गुल्ल्या भोकात घट्ट बसल्या. वरची पेटी हिसका देऊन उचलली आणि अर्धी वाळू माझ्या पायावर. मग गुल्ल्या तासून बारीक केल्या, तर त्या ढिल्या झाल्या. पुढच्या ओतकामात व्हाइसच्या मुठीचे दोन अर्धे दोन मिलिमीटर सरकलेले निघाले. बोट फिरवलं की पायरी लागते. ती मूठ अजून टेबलावर ठेवलीय, आठवण म्हणून.

आता बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्ट्या आहेत, त्यांत आठ मिलिमीटरच्या सळईच्या पिना. एक पिन मुद्दाम इंचभर बाजूला घेतलीय, म्हणजे पेटी उलटी बसतच नाही.

वाळूत बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकट माती) आणि बेताचंच पाणी. मुठीत दाबून गोळा मोडायचा, दोन स्वच्छ तुकडे झाले की झालं. बोटांना ओल लागली तर वाळू अजून वाळवा, नाहीतर वाफेने पोकळ्या धरतात. (घरातली रव्याची चाळणी वाळूसाठी गेली ती गेलीच. त्यावर जास्त लिहीत नाही.)

पेटी कोब्यावर ठेवू नका, कोरड्या वाळूच्या थरावर ठेवा. धातू सांडला तर ओल्या कोब्यातून वाफ होऊन फरशीच उडते. ओतताना वर दोन विटा ठेवायच्या. एकदा आळस केला. पातळ धातूने वरची पेटी किंचित उचलली, फटीतून बाहेर आला आणि एक कोपरा काळा पडला. साच्यापासून लाकडापर्यंत दीड-दोन इंच वाळू असली की एरवी काही होत नाही.

सागवान घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. कोपरा जळणार तर स्वस्त पाइनचाच जळू दे.