चौदा महिने वापरल्यावर: मायक्रोवेव्ह चांगला, पण आतली ती पट्टी सांभाळा

मशीन २८ लिटरचं कन्व्हेक्शनवालं. वॅट आणि बटणं सगळ्यांना माहीत आहेत, ते सांगत बसत नाही. लिहायला बसले ते एका संध्याकाळमुळे. पापड भाजायला ठेवला होता. आत चर्र आवाज झाला आणि उजव्या भिंतीवर निळी ठिणगी उडाली. बंद करून पुन्हा लावलं तर पुन्हा तेच, वर जळका वास. मग प्लगच काढून ठेवला.

वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरला फोन लावल्यावर चौथ्या दिवशी माणूस आला. दार उघडलं, लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "मॅग्नेट्रॉन गेला, साडेचार हजार लागतील." भेटीचे ४५० वेगळे, ते तिथल्या तिथे घेतले. मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. मी म्हटलं, दादा, तो गेला असता तर पापड थंडच राहिला असता ना? हा तर भाजून निघाला होता. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पावती हातात देऊन गेला. मला राग पैशांपेक्षा या गोष्टीचा आला की त्याने साधी बॅटरी मारून आत पाहिलं नाही.

भाच्याने मशीन स्कूटरवर मांडीत धरून लातूरच्या गंजगोलाईच्या मागे एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं, मी मागून रिक्षाने गेले. त्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं, "ताई, मशीन चांगली आहे की. पट्टी जळालीय. उगं साडेचार हजार कशाला घालायलात?" मजुरीसकट १८० रुपये घेतले.

ही पट्टी म्हणजे आतल्या भिंतीवर बसवलेला अभ्रकाचा पातळ तुकडा, साधारण पत्त्याएवढा. माझ्या मशीनमध्ये उजवीकडे आहे. दिसतो पुठ्ठ्यासारखा, म्हणून कितीतरी लोक पॅकिंगचा समजून काढून टाकतात. तसं करू नका. मॅग्नेट्रॉनमधून निघालेल्या लहरी त्याच खिडकीतून आत येतात. अभ्रक लहरींना अडवत नाही, पण अन्नाचे शिंतोडे आणि वाफ पलीकडे जाऊ देत नाही. त्याच्यावर तेलाचा थेंब किंवा अन्नाचा कण बसला की तो दर वेळी तापतो, हळूहळू जळून कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते, म्हणून ठिणगी. तसंच वापरत राहिलं तर पट्टीला भोक पडतं आणि मग खरोखरच मॅग्नेट्रॉनवर बेततं.

आता चूक माझी कुठे झाली ते सांगते. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही. आठवड्याला दोन-तीन वाट्या शेंगदाणे यातच भाजायचे, वर तर्रीवाली येसर आमटी उघडीच गरम करायची. तर्री तापली की तडतड उडते. मी काचेची ताटली रोज धुवायची, खालची भिंत पुसायची, पण उजव्या भिंतीकडे चौदा महिन्यांत एकदाही नीट पाहिलं नाही. तिथे तपकिरी डाग होता. तो डिझाइनचा भाग असेल असं मला वाटत होतं.

स्वच्छतेचं म्हणाल तर पहिले काही महिने व्हिनेगर वापरलं. डाग निघतात, पण वास दोन दिवस राहतो. सासूबाईंनी चहा गरम करून घेतला आणि कप तसाच बाजूला ठेवला. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा प्रकारही केला. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. ते सोडून दिलं. लिंबाबद्दल मात्र माझं मत साफ वाईट होतं. नुसता वास येतो, बाकी काही नाही, असं मी दोघी-तिघींना सांगितलंसुद्धा.

(वरचं लिहून तीन आठवडे झाले. लिंबाबद्दलचं मत बदललंय.)

मी लिंबाचं पाणी आत ठेवून उकळलं की लगेच दार उघडून पुसायला घ्यायची, तिथेच सगळं बिघडत होतं. काम उकळण्याने होत नाही, दार बंद ठेवण्याने होतं. काचेच्या भांड्यात एक कप पाणी, त्यात लिंबाच्या पिळलेल्या फोडी, आणि एक लाकडी चमचा. चमचा विसरू नका. गुळगुळीत काचेत पाणी बुडबुडे न येताच उकळीच्या पुढे तापतं आणि हात लावला की उसळून अंगावर येतं. फुल पॉवरवर चार मिनिटं. मग दहा मिनिटं दार उघडायचं नाही. वाफ भिंतींवर थंड होते, वाळलेलं अन्न फुगतं, मग साध्या सुती फडक्याने एका हाताने निघतं. तारेची घासणी अजिबात नको. आतला रंग खरवडतो आणि तुटलेली तार आत राहिली तर पुन्हा ठिणग्या.

लिंबं विकत आणायचीही गरज नाही. उन्हाळ्यात लिंबाचे भाव बघता ते परवडतही नाही. सरबताच्या पिळलेल्या फोडी मी फ्रीजमध्ये डबीत ठेवते, चार-पाच साठल्या की रविवारी सफाई.

आणि पाणी फक्त एक कप लागतं, याचं मला फार वाटतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा आम्ही भांडी कशी घासली ते मला अजून आठवतं. दुसरं म्हणजे आमचं बोअरचं पाणी जड. ओल्या फडक्याने पुसलं की वाळल्यावर आत पांढरे ओघळ दिसायचे, मला वाटायचं रंग उडतोय. ते क्षार होते. आता भांड्यात उरलेल्या लिंबाच्या पाण्यातच फडकं पिळून पुसते. ओघळ येत नाहीत, आणि उरलेलं पाणी सिंकच्या नळावरच्या पांढऱ्या थरावर ओतते.

पट्टीवरून मात्र फक्त पिळलेलं ओलसर फडकं, तेही हलक्या हाताने. घासली तर पापुद्रे सुटतात. पूर्ण वाळल्याशिवाय मशीन लावू नका. बाहेरचं पत्र्याचं झाकण घरी कुणी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज राहू शकते.

वासासाठी रात्री वाटीत खाण्याचा सोडा ठेवते, सकाळी वाटी बाहेर. ताटलीखालची चाकांची रिंग काढून धुवा, तिथे इतकं तेल साठतं की ताटली अडखळत फिरते. दाराच्या कडेला कण अडकू देऊ नका, दार घट्ट बसायला हवं.

अन्नावर ठेवायचं झाकण आधी मी पैसे वाया म्हणून टाळलं. शेवटी १६० रुपयांचं छिद्राचं झाकण आणलं. तीन आठवड्यांत पट्टीवर एक ठिपका नाही.

मशीनला पाचपैकी चार, सर्व्हिसला शून्य. भेटीच्या ४५० ची तक्रार केली आहे, परत मिळाले तर इथे लिहीन. दुरुस्तीवाल्याने अभ्रकाचा उरलेला तुकडाही दिला होता. शेजारच्या काकूंचं मशीन काल उघडून पाहिलं तर तसाच तपकिरी डाग, पण अजून ठिणगी नाही. उद्या दुपारी त्यांच्याकडे लिंबाच्या फोडी घेऊन जाणार आहे. पुसून डाग निघाला तर ठीक, नाहीतर तुकडा आहेच.