ओरिएंटल ॲडव्हेंचर्स (१९८५): आठ महिन्यांच्या कॅम्पेननंतर

पुस्तक चाळीस वर्षांचं जुनं आहे. १९८५ साली टीएसआर या अमेरिकी कंपनीने ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळासाठी काढलेलं, पूर्वेकडच्या थाटाच्या दुनियेत खेळायला. मुखपृष्ठावर नाव खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं, पण आतलं बहुतेक काम डेव्हिड कुकचं. मी पीडीएफ घेतली, पाच जणांना गोळा केलं आणि ऑनलाइन आठ महिने कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन पुढे जाणारी एकच गोष्ट, चालवलं. साधारण आठवड्याला एक सेशन, मध्ये दांड्या. डीएम, म्हणजे गोष्ट आणि बाकीची दुनिया चालवणारा, मीच.

घेतलं ते वादामुळे, खोटं कशाला बोलू. २०२०च्या सुमारास 'एशियन्स रिप्रेझेंट' या पॉडकास्टवर आशियाई वंशाच्या खेळाडूंनी हे पुस्तक तासन्‌तास वाचून त्याची चिरफाड केली. विक्रीतून काढा, अशी मागणी झाली. टीएसआर १९९७ मध्येच विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती; त्यांनी पुस्तक काढलं नाही, जुन्या मालाच्या विक्रीच्या पानांवर एक टीप लावली: यात त्या काळचे पूर्वग्रह दिसू शकतात, आम्ही ते जसंच्या तसं ठेवतो आहोत. मग दोन तट पडले. एक म्हणे जाळा, दुसरा म्हणे हल्ली कुणाला काहीच सोसत नाही. मी पहिल्या तटात होतो, पुस्तक न उघडता. दुसऱ्या तटातल्यांनी तरी उघडलं होतं की नाही, देव जाणे.

आधी कामाचं. हे पुस्तक एकटं चालत नाही, मूळ प्लेयर्स हँडबुक आणि डीएम गाइड हाताशी लागतात. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला, ही जुनी उलटी गंगा इथेही आहेच. स्वतःची मार्शल आर्ट शैली रचायचा भाग वाचायला मस्त, वापरायला डोकेदुखी. दोन सेशन्सनंतर आम्ही तयार शैल्यांवर आलो. एवढं सोडलं तर नियम चालतात.

आता मुख्य मुद्दा. सगळी भांडणं पुस्तकाच्या नावावरून आणि चित्रांवरून होतात. नाव वाईट आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. पण खेळायला बसल्यावर नाव कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्रास देतात ते नियम.

ऑनर (अब्रू) पॉइंट्सचंच बघा. इथे जवळपास प्रत्येक पात्राला ऑनर आकड्यात दिलेला असतो. अमुक केलं की वाढतो, तमुक केलं की घटतो, त्याचा तक्ता आहे. कागदावर कल्पना छान वाटते. तिसऱ्या महिन्यात आमचा बुशी (योद्धा) एका गावात शिरला, समोर एक म्हातारी हात जोडून उभी, मुलाला सोडा म्हणून रडतेय. मी डीएम म्हणून जीव ओतून आवाज लावला होता. आणि बुशीवाला काय करतोय? पीडीएफमध्ये तक्ता शोधतोय. "थांब, सोडलं तर किती जातात?" म्हातारी रडतच राहिली.

तो वाईट खेळाडू नाही. नियमाने त्याला तसं केलं. मूळ खेळातला युरोपी थाटाचा फायटर शूर निघेल की पळपुटा, हे खेळणारा ठरवतो. पॅलाडिनला, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याला, बंधनं आहेत, पण तो त्यातला एक वर्ग (पात्राचा प्रकार). इथे मात्र याकुझापर्यंत (म्हणजे गुंडांपर्यंत) सगळ्यांच्या गळ्यात मोजपट्टी. तिकडची माणसं स्वभावाने वागतात आणि इकडची अब्रूच्या हिशोबाने, असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडत नाही. चार महिने खेळलात की तुम्ही तसेच वागायला लागता.

दुसरं उदाहरण मोजून दाखवता येतं. पुस्तकात दहा वर्ग आहेत. बुशी, सामुराई, केन्साई, निंजा, सोहेई, शुकेन्जा, याकुझा ही सात नावं जपानी. बार्बेरियन आणि मंक इंग्रजी. चिनी नाव एकच, वू जेन, म्हणजे जादूगार. आणि या कारा-तुर नावाच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं साम्राज्य कोणतं, तर शौ लुंग, म्हणजे चीनचा अवतार. सगळ्या पूर्वेच्या नावाने पुस्तक काढायचं आणि भरायचा जपान! त्यातही केन्साईचा नेहमीचा उच्चार केन्सेई आणि शुकेन्जाचा शुगेन्जा.

"त्या काळी असंच चालायचं" हे उत्तर मला आता पटत नाही. या पुस्तकाच्या आधी, १९७९ साली, 'बुशिदो' नावाचा खेळ आला होता. तोही अमेरिकनांनीच केलेला. पण त्यांनी एकच देश धरला आणि त्यातच राहिले. म्हणजे त्या काळीही हे सुचत होतं.

सगळ्यात जास्त खटकले ते कोरोबोकुरू. पुस्तकात ही बुटकी जमात आहे: गबाळी, फुशारक्या मारणारी, भांडखोर, थोडी विनोदी. थोडक्यात, जपानी वेशातले ड्वार्फ. मुळात ही उत्तर जपानमधल्या ऐनू लोकांच्या कथांमधली छोटी माणसं. नावाचा अर्थ सांगतात तो फुकी नावाच्या वनस्पतीच्या रुंद पानांखाली राहणारे असा. ते रात्री गुपचूप येऊन ऐनूंशी वस्तूंची देवाणघेवाण करायचे, तोंड दाखवायचे नाहीत. एकदा एका ऐनू माणसाने, कोण आहे ते बघायचंच म्हणून, आत आलेला हात धरून ओढला. ते इतके दुखावले की कायमचे निघून गेले. कॅम्पेनसाठी याहून चांगलं काय हवं? ते टाकून दाढीवाला विदूषक घेतला. आणि ज्यांच्या या कथा, त्या ऐनूंना मूळनिवासी म्हणून मान्यता द्यावी असा ठराव जपानी संसदेने केला तो थेट २००८ साली.

इतकं ऐकून वाटेल की मी पुस्तक फेकून दिलं. नाही. कारण यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांच्यासाठी मी बाकीचं सहन केलं.

पहिली, घराणं. डी अँड डीचा नेहमीचा हिरो म्हणजे अनाथ, खिशात चार नाणी, कमरेला तलवार. इथे पात्र बनवतानाच पूर्वज आणि वारसा यांचे फासे टाकायचे. आमच्या बुशीला असा एक बदनाम आजोबा मिळाला. पुढचे सहा महिने तो आजोबा खेळला, बुशी नाही. कुठल्याही वाड्यात गेलं की "अच्छा, तुम्ही त्यांचे नातू" आणि मग ती शांतता. दुसरी, वर्षाच्या आणि महिन्याच्या घडामोडींचे तक्ते. पात्रं काहीही करोत, दुनियेत युद्ध पेटतं, भूकंप होतो, कुणीतरी मरतं. माझी निम्मी तयारी तिथेच वाचली.

श्रेय आणखी एका बाबतीत द्यायला हवं. मारामारीपलीकडची कौशल्यं, म्हणजे सुलेखन, चहाचा विधी, काव्य, दरबारी शिष्टाचार, यांना नीट नियम या पुस्तकात मिळाले. १९८९ मध्ये ॲडव्हान्स्ड डी अँड डीची दुसरी आवृत्ती आली, तिचा मुख्य रचनाकार कुकच होता, आणि ती कौशल्यं तिथे पोचली. म्हणजे पुढे कुणाचा युरोपी थाटाचा फायटर सुतारकाम करू शकला, तो या चहाच्या जोरावर. हे मला भलतंच आवडतं.

आता राक्षसाची गोष्ट, जी खरं तर या पुस्तकाची नाही. पाचव्या महिन्यात शत्रू कमी पडले म्हणून मी याच खेळाच्या १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून राक्षस उचलला. त्यात लिहिलंय की हे दुष्ट आत्मे पहिल्यांदा भारतात माहीत झाले आणि आता पसरताहेत. शेजारी चित्र: वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, हातात पाइप. साध्या शस्त्रांनी काही होत नाही, पण मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की खेळ खलास. मी ते चित्र स्क्रीनवर टाकलं आणि पाच मिनिटं कुणालाच बोलता येईना. "पाइप?" "वाघ कशाला?" "क्रॉसबो कुठून आणला?" (१९७४ च्या एका अमेरिकी भयमालिकेतून, असं नंतर सापडलं.) बरं, जमातच्या जमात लॉफुल ईव्हिल, म्हणजे शिस्तीत दुष्ट. म्हणजे बिभीषण बाद, आणि पांडवांसाठी जीव दिलेला घटोत्कचही बाद.

एक गंमत मात्र कबूल करतो. सगळीकडून अभेद्य आणि फक्त एका फटीतून मारता येणारा, हे आपल्या हिरण्यकशिपूच्या चालीवरच आहे. वाट चुकून का होईना, तेवढ्यापुरते ते बरोबर घरात शिरले.

हसू ओसरल्यावर आमची वू जेनवाली म्हणाली, "मग माझ्यावर चीनमध्ये किती हसत असतील." तिच्या वू जेनला मांस वर्ज्य. वू जेनला असली पथ्यं पाळावी लागतात आणि लेव्हलबरोबर ती वाढत जातात. पाच महिने ती ती पाळत होती, कुठून आली हे न विचारता. त्या रात्री लढाई झालीच नाही. आम्ही बसून काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवलं.

ऑनरचा आकडा काढला. त्याऐवजी प्रत्येकाने घरच्या किंवा गावच्या तीन माणसांची नावं लिहायची, आणि त्या तिघांना तुमच्याबद्दल काय वाटतं ते मी सांभाळायचं. बुशीवाल्याचं तक्ता शोधणं त्या दिवशी बंद झालं, आता तो विचारतो, "आजोबांना कळेल का?" कोरोबोकुरू पानांखाली परत गेले, कुणाला दिसत नाहीत. पथ्यं ठेवली, पण प्रत्येक पथ्यामागची गोष्ट तिने सांगायची. घराण्याच्या आणि घडामोडींच्या तक्त्यांना हात लावला नाही. पुढचे तीन महिने आमचे सगळ्यात चांगले गेले.

विक्रीच्या पानावरच्या टिपेबद्दल माझं मत आता वेगळं आहे. ती चुकीची नाही, निरुपयोगी आहे. पूर्वग्रह आहेत म्हणते, कुठे ते सांगत नाही. विकत घेणारा ती वाचतो आणि मग तोच ऑनरचा तक्ता उघडून खेळायला लागतो.

घ्यावं का? नवीन डीएमने मुळीच नाही. जुन्या नियमांची सवय असेल आणि पुस्तकाशी भांडायची तयारी असेल तर घ्या, तक्ते वसूल होतात. पाचपैकी तीन देतो, त्यातला एक आजोबांचा.

पुढचं कॅम्पेन पुढच्या महिन्यात. राक्षस परत येणार आहे, या वेळी आमच्या पात्रांच्या बाजूने. पाइप राहू दे, अशी वू जेनवालीची अट आहे.