आयपीओ लागला, शेअर कुठेच नव्हते

नातेवाइकांना मी बरेच दिवस सांगत होतो की शेअर बाजारात पैसे बुडाले. सांगायला सोपं पडतं. समोरचाही ‘बाजारच तसा आहे हो’ म्हणून विषय बदलतो. पण ते खरं नाही. माझ्या साडेअठरा लाखांतला एक रुपयासुद्धा बाजारापर्यंत पोचला नव्हता. बाजार चढला की पडला याच्याशी त्या पैशांचा काही संबंध नव्हता. हे नीट लिहून ठेवतोय, कारण माझ्याच वयाच्या आणखी दोघातिघांकडून जवळपास हीच हकिगत ऐकली, आणि सगळ्यांना लोक एकच विचारतात: एवढी हाव कशाला?

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला होतो. २०२४ च्या मध्यावर अठ्ठावन्न पूर्ण झाली, पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आली. ईपीएसची (पीएफसोबतच्या योजनेची) पेन्शन साडेसात हजारांच्या आत, म्हणजे किराणा आणि लाइटबिल. बेत असा होता की तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील, आणि उरलेले शेअर्समध्ये, कारण वीस वर्षांनी त्या ६१,५०० ची काय किंमत उरेल हे जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. या बेतात मला आजही खोट दिसत नाही.

मेख दुसरीकडेच आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्याला ही योजना मिळते, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. (आधी एकच महिना होता, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवला.) म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम बचत खात्यात नुसती पडून असते. आणि नेमक्या याच दिवसांत माणूस फोनवर ‘निवृत्तीनंतर गुंतवणूक कुठे’ असं शोधत बसतो. फोन ते लक्षात ठेवतो.

तंत्रज्ञान कंपन्यांचंच आकर्षण का, तेही सांगतो. २०२३ च्या नोव्हेंबरात टाटा टेक्नॉलॉजीजचा आयपीओ आला, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विक्रीला निघाले. कंपनी आमच्या हिंजवडीची, शिवाय २००४ च्या टीसीएसनंतर टाटा समूहाचा हा पहिलाच. तीस शेअरचा लॉट, पाचशेच्या भावाने पंधरा हजार रुपये. आमच्या खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी अर्ज केले. मागणी सुमारे ६९ पट आली, आणि ३० नोव्हेंबरला शेअर १,२०० ला उघडला. लॉट लागला तो आमच्या स्टोअरमधल्या एकाला. त्याने पेढे वाटले आणि पुढे कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये त्याचाच विषय. ‘चांगल्या कंपनीचा आयपीओ आपल्याला लागतच नाही’ हे तेव्हापासून सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं, आणि ते खरंही होतं. फसवणारे याच खऱ्या गोष्टीवर उभे राहिले. साफ खोटं सांगून आले असते तर दारातूनच परत पाठवले असते.

सुरुवात एका व्हिडिओने. बाजारातला एक नावाजलेला माणूस, चेहरा तोच, आवाज तोच, निवृत्तांसाठी मोफत अभ्यासवर्ग सुरू केलाय म्हणून सांगतोय. असले बनावट व्हिडिओ किती हुबेहूब असतात याचा अंदाज नसेल तर एवढं ध्यानात घ्या की २०२४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला खुद्द आपल्या प्रमुखाच्या बनावट व्हिडिओंबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. व्हिडिओखालच्या बटणाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नेलं. तिथे एक ‘प्रोफेसर’ आणि त्यांची सहायक मॅडम.

पहिले काही आठवडे पैशाचं नावसुद्धा नाही. रोज संध्याकाळी प्रोफेसरांचं टिपण यायचं: पीई म्हणजे काय, ताळेबंदातलं कर्ज कसं वाचावं, आयटी कंपनीचं उत्पन्न डॉलरमध्ये असलं की रुपयाच्या घसरणीचा काय परिणाम होतो. टिपणं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ताळेबंदाबद्दलचं तर मी स्वतः तपासलं, बरोबर होतं. ग्रुपमध्ये शंभरावर माणसं. कुणी सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक, कुणी ठाण्याच्या बँकेतल्या बाई. ‘सरांमुळे मुलीच्या लग्नाचा खर्च निघाला’, खाली बँकेच्या मेसेजचा फोटो. पुढे सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितलं की अशा ग्रुपमध्ये खरी गिऱ्हाइकं दोनचारच असतात, बाकी सगळी त्यांचीच सिमकार्डं. म्हणजे मुख्याध्यापकही नव्हते आणि लग्नही नव्हतं.

मग ॲप आलं. प्ले स्टोअरवर नाही, लिंकवरून उतरवायचं. कारण असं दिलं की ही एका परदेशी गुंतवणूक संस्थेची ‘संस्थात्मक खाती’ आहेत, सर्वसामान्यांसाठी नाहीत. सोबत शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, शिक्क्यासकट. (सेबीने २६ फेब्रुवारी २०२४ ला अगदी याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं: परदेशी गुंतवणूकदार संस्थेच्या नावाने भारतातल्या रहिवाशाला असं खातं देण्याची सोयच नाही. ते निवेदन इंग्रजी पेपरात कुठेतरी आतल्या पानावर आलं असेल. मुख्याध्यापकांचा मेसेज मात्र रोज सकाळी सात वाजता यायचा.)

पन्नास हजार भरले. दोनतीन दिवसांनी मॅडम स्वतःच म्हणाल्या, ‘सर, थोडे काढून बघा, तुमची खात्री होईल.’ पाच हजार काढले, अर्ध्या तासात बँकेत जमा. एवढ्या पाच हजारांवर पुढचे साडेदहा लाख गेले. ॲपवर सकाळी शेअर घेतला की दुपारी अप्पर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला. कंपन्या खऱ्या, नावं खरी, भाव मात्र ‘ब्लॉक ट्रेड’चे, म्हणजे ठोक सौद्यांचे, म्हणून बाजारापेक्षा स्वस्त. आकडे हिरवे.

पैसे भरायची पद्धत मात्र विचित्र होती, आणि सगळी फसवणूक इथेच उघडी पडायला हवी. दर वेळी नवा खाते क्रमांक. एकदा कुठल्याशा एंटरप्रायझेसचं करंट खातं, एकदा ट्रेडर्स, एकदा चक्क गारमेंट्स. विचारलं तर उत्तर तयार: संस्थेची दिवसाची मर्यादा संपली की दुसरं खातं वापरतात. आरटीजीएस करायला शाखेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या अधिकारी बाईंनी विचारलंही, ‘काका, हे गारमेंट्सवाले कोण?’ याचं उत्तर मॅडमनी आदल्या दिवशीच पाठवून ठेवलं होतं: घरच्या लग्नाची खरेदी म्हणा, नाहीतर बँकवाले स्वतःचे म्युच्युअल फंड गळ्यात मारायला बसवून ठेवतील. बँकवाले ते करतात हेही खरंच असल्यामुळे मला ते पटलं.

आता आयपीओ. एका सॉफ्टवेअर कंपनीचा इश्यू बाजारात खरोखरच आला होता, पेपरात रोज बातम्या. ‘संस्थात्मक कोट्यातून’ अर्ज करा, हमखास लागेल. मी ॲपमधून एक लाखाचा केला. दोन दिवसांनी अभिनंदनाचा मेसेज: तुम्हाला साडेआठ लाखांचे शेअर लागलेत. उरलेले साडेसात लाख चोवीस तासांत भरा. ॲपवरची बाकी रक्कम ‘ब्लॉक ट्रेडमध्ये अडकलेली’, ती वापरता येणार नाही. न भरल्यास सेबी काळ्या यादीत टाकील, सिबिल खराब होईल, आधीचे पैसेही गोठतील. तोपर्यंत गोड बोलणाऱ्या मॅडम त्या रात्री वकिलासारख्या बोलत होत्या. ग्रुपवर मुख्याध्यापक लिहीत होते की त्यांना बारा लाखांचे लागले आणि त्यांनी दागिने मोडून भरले. सौ. म्हणाली, ‘अहो, मागितल्यापेक्षा जास्त कोण देतं?’ एवढ्या महिन्यांत कुणीही विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता. पण चोवीस तासांचं घड्याळ चालू होतं.

खऱ्या आयपीओत काय होतं ते इथेच लिहितो, कारण ते ज्याला माहीत आहे त्याला हा डाव चालणारच नाही. तुम्ही अर्ज करता तेव्हा पैसे कुणालाही पाठवायचे नसतात. ते तुमच्याच बँक खात्यात अडवले जातात, ‘आस्बा’ किंवा यूपीआय मॅंडेट म्हणतात ते हेच. शेअर लागले तरच रक्कम वळती होते, नाही लागले तर अडवलेली सुटते. अर्जापेक्षा जास्त शेअर लागूच शकत नाहीत. किरकोळ अर्जदाराची मर्यादा दोन लाखांची, आणि मागणी जास्त असली की सोडतीने बहुतेक वेळा एकच लॉट मिळतो. संस्थांचा वाटा वेगळा असतो हे खरं, पण तो त्या संस्थांचा. त्यांच्या पंगतीत तुम्हाआम्हाला पाट मांडत नाहीत. आणि शेअर लागले की ते तुमच्या नावाच्या डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात येतात, ही खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलचा मेसेज येतो, महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. माझं जुनं डीमॅट होतं. त्याच्या स्टेटमेंटमध्ये यातलं काहीच नव्हतं. ‘संस्थात्मक खात्याचं स्टेटमेंट वेगळं’ असं उत्तर मिळालं होतं.

साडेसात लाख गेले. त्या शेअरची बाजारात खरेदी-विक्री सुरू झाल्यावर ॲपवर एकूण एकेचाळीस लाख दिसायला लागले. बचत योजनेत खातं उघडायची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती म्हणून मी पैसे काढायचा अर्ज टाकला. उत्तर आलं: नफा साडेबावीस लाख, त्यावर वीस टक्के अल्पकालीन भांडवली नफ्याचा कर, म्हणजे साडेचार लाख, आधी भरा, मग रक्कम सुटेल.

दर अगदी बरोबर होता. २३ जुलै २०२४ पासून तो पंधराचा वीस झाला. पण कर भरायचा होता पुन्हा कुठल्यातरी एंटरप्रायझेसच्या करंट खात्यात. आयकर मी आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या पोर्टलवर भरतो. कारखान्याचा कित्येक वर्षं भरला. निवासी माणसाच्या शेअरच्या नफ्यावर दलाल कर कापून ठेवत नाही आणि आगाऊ मागतही नाही. मी मॅडमना लिहिलं, ‘कर नफ्यातूनच वजा करा आणि बाकीचे पाठवा.’ कुणाही खऱ्या दलालाला हे एका मिनिटाचं काम. त्या रात्रीपासून उत्तरं यायची थांबली, आणि सकाळी ग्रुपच नव्हता.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांच्यासाठी: फोन करण्याआधी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला), तारीख आणि ज्या खात्यात पैसे गेले ते कागदावर लिहून घ्या. तिकडून हेच विचारतात, आणि पासबुक शोधण्यात गेलेला वेळ महागात पडतो. तक्रार नोंदली की पावती क्रमांक मिळतो आणि ज्या खात्यांत पैसे गेले त्या बँकांना ती रक्कम रोखायला कळवलं जातं. माझे आधीचे पैसे केव्हाच पुढच्या पाचदहा खात्यांतून निघून गेले होते. शेवटच्या साडेसात लाखांतले दोन लाख चाळीस हजार एका खात्यात सापडले, त्यावर रोख लागली. ती रक्कम आपोआप परत येत नाही. एफआयआर झाल्यावर मला न्यायालयात अर्ज करावा लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. दोन लाख चाळीस हजार तसे मिळाले. गारमेंट्सवालं खातं एका बेकार मुलाच्या नावावर होतं. कमिशनवर खातं भाड्याने दिलेला, त्याला पुढचं काही ठाऊक नाही.

आमच्या खात्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे सत्यम या आयटी कंपनीचे शेअर होते. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि आदल्या दिवशी १७९ ला असलेला शेअर एका दिवसात चाळीसच्या आसपास आला. तोही निवृत्तीसाठीच जमवत होता. पण त्याचे शेअर त्याच्या डीमॅटमध्ये होते. कंपनी महिंद्रांनी घेतली, २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली, सत्यमच्या सतराला टेक महिंद्राचे दोन मिळाले, ते त्याने ठेवले. देशातल्या एवढ्या मोठ्या घोटाळ्यातही भागधारकाच्या हातात काहीतरी राहिलं, कारण शेअर खरे होते. माझ्या वेळी घोटाळा करायला कंपनीच नव्हती.

आता एक सोय झाली आहे, तिचा उपयोग करा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांना, म्युच्युअल फंडांना वेगळे यूपीआय पत्ते आहेत, त्यात ‘ॲट’च्या खुणेनंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि बँकेचं नाव येतं. बँक खातं किंवा यूपीआय खरंच त्या दलालाचं आहे का, ते सेबीच्या ‘सेबी चेक’ या सोयीवर पाहता येतं. प्रमाणपत्राचा फोटो, शिक्का, व्हिडिओ यांतलं काहीही तपासत बसू नका. पैसे कुणाच्या नावाच्या खात्यात चाललेत एवढंच वाचा.

आणि एक. तक्रार केल्यानंतर काही आठवड्यांनी मला फोन येऊ लागले. कुणी ‘सायबर सेलचे सल्लागार’, कुणी दिल्लीचे वकील. माझी गेलेली रक्कम त्यांना हजारापर्यंत बरोबर माहीत होती. परत मिळवून देतो म्हणतात, आधी नोंदणी शुल्क अठ्ठावीस हजार. मी खात्याचं नाव विचारलं. ट्रेडर्स.