सात वेळा पुसलेली हार्ड डिस्क

त्या अनोळखी मुलाची मेल मी स्पॅममध्येच टाकणार होते. ‘तुमची जुनी हार्ड डिस्क माझ्याकडे आली आहे, तिच्यात तुमच्या ग्राहकांचे कागद आहेत’ असली मेल कोण खरी धरेल? पण सोबत फोल्डरांच्या यादीचा फोटो होता आणि नावं माझ्याच पद्धतीची होती. आधी आडनाव, मग वर्ष, मग ‘फायनल’, मग ‘फायनल २’, मग ‘हेच घ्या’. फाइलला ‘हेच घ्या’ असं नाव देणारी दुसरी बाई असेल असं मला वाटत नाही.

मी लोकांचे हिशेब आणि कराची कामं करते. म्हणजे सह्या, बँकेचे खाते क्रमांक, पगाराच्या पावत्या, ओळखपत्रांचे स्कॅन, सगळं माझ्याकडे. ऑफिसातली यंत्रं बदलायची ठरवली तेव्हा हे डोक्यात होतं, म्हणून भंगारात न देता मुद्दाम ‘डेटा कायमचा पुसून देतो, सर्टिफिकेटसकट’ असं सांगणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याचे पैसे वेगळे मोजले. दोन डेस्कटॉप, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असलेला एक लॅपटॉप, बाहेरून जोडायची १ टीबीची डिस्क आणि कधीच बंद पडलेली एक जुनी डिस्क, असा सगळा ऐवज.

माणूस बोलायला चोख होता. “मॅडम, रीसायकल बिन रिकामी केली म्हणजे डेटा गेला असं नसतं. साधा फॉरमॅट मारला तरी जात नाही. आम्ही सात वेळा ओव्हरराइट मारतो, म्हणजे जुन्यावर नवं लिहितो, वर चुंबकानं डीगॉस करतो. लष्करी पद्धत.” यातली पहिली दोन वाक्यं अगदी खरी होती, आणि मी फसले ती त्या दोन वाक्यांमुळे. फाइल डिलीट केली की डब्यावरची चिठ्ठी निघते, डबा भरलेलाच राहतो. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद तेवढी जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. क्विक फॉरमॅटही नव्या कोऱ्या चिठ्ठ्या लावण्यापलीकडे फारसं काही करत नाही. हे सगळं त्यानंच मला समजावलं आणि मग माझ्यासमोर नेमका क्विक फॉरमॅटच मारला. पडद्यावर हिरवी पट्टी धावली, ड्राइव्ह रिकामा दिसला, मी मान डोलावली. ‘क्विक’पुढची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला असता तरी भागलं असतं: विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात. पण त्याला तास लागतात, आणि तास कोण घालवणार? बाकीचं ‘आमच्याकडे मशीनवर होईल’ म्हणून तो सगळं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आलं. गोल शिक्का, सोनेरी कडा, खाली सही. मी ते फाइलला लावलं आणि निर्धास्त झाले.

ते मी नीट वाचलं मेल आल्यावर. पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, कारण खोटेपणा त्या कागदावर आकड्यांत छापलेला होता.

सुरुवात सकाळी ११:१०, शेवट ११:५५. पाच डिस्क, प्रत्येकीवर सात फेऱ्या. आता साधा हिशेब करा, आणि हिशेब हा माझा धंदा आहे, म्हणून जास्त लाज वाटते. १ टीबीच्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला सरासरी १५० एमबी लिहिले जातात असं धरलं, तर एका फेरीलाच जवळजवळ एक तास पन्नास मिनिटं लागतात. सात फेऱ्यांना तेरा तास होतात. पाचही डिस्क एकाच वेळी लावल्या तरी तेरा तासांची पंचेचाळीस मिनिटं होत नाहीत.

पुढची ओळ त्याहून वरताण. बंद पडलेली डिस्कही ‘सात वेळा ओव्हरराइट’. जी डिस्क सुरूच होत नाही तिच्यावर लिहिणार कसं?

मग डीगॉस. तीव्र चुंबकीय क्षेत्रानं डिस्कवरची नोंद उडवायची ही पद्धत खरी आहे, पण तिनं आजकालच्या डिस्कच्या पृष्ठभागावर कारखान्यात लिहिलेल्या, वाचणाऱ्या डोक्याला जागा दाखवणाऱ्या सर्वो खुणाही उडतात आणि डिस्क पुन्हा कधीच चालत नाही. हा माणूस मात्र ‘पुसून पुन्हा विकतो’ म्हणत होता. शिवाय एसएसडीतला डेटा चुंबकीय नसतोच. तिथे डीगॉस म्हणजे निव्वळ सोपस्कार.

‘सात वेळा’ हे ऐकायलाच छान. १९९६ साली पीटर गुटमन या संशोधकानं ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली होती. ती त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी होती, आणि आताच्या डिस्कला ३५ फेऱ्या मारण्यात अर्थ नाही हे नंतर त्यानंच लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची डेटा पुसण्याबद्दलची ८००-८८ नावाची मार्गदर्शिका २००६ मध्ये आली, २०१४ मध्ये सुधारली. त्या २०१४च्या आवृत्तीनुसार आजच्या फिरत्या डिस्कवर नीट मारलेली एक फेरी सहसा पुरते. म्हणजे मला सात फेऱ्या नकोच होत्या. एक हवी होती, पण खरी.

एसएसडीचं मात्र वेगळं आहे. तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे कारभार बघणारी चिप, मेमरीच्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून लिखाण सतत इकडून तिकडे हलवतो, काही जागा राखीव ठेवतो, आणि ती राखीव जागा आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे वरून लिहिलं तरी जुनी प्रत कुठेतरी उरू शकते. तिच्यासाठी ड्राइव्हच्या आतलाच सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज हुकूम द्यावा लागतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की काही ड्राइव्हवर तो हुकूमही नीट पाळला जात नव्हता. माझा लॅपटॉप बहुधा नशिबानं वाचला: त्यावर बिटलॉकर हे विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन चालू होतं, किल्ली गेली की आत उरतो तो नुसता गोंधळ. ते मी चालू केलेलं नव्हतं, आधीपासून होतं. त्याचं श्रेय मला नको.

तर, मी त्याला फोन केला. आधी “मॅडम, असं होऊच शकत नाही”, मग “ती डिस्क तुमची नसेल”. इथे मला दुसरा डाव कळला. सर्टिफिकेटवर ‘सिरियल नंबर’चा रकाना होता, पण त्यात नंबर होते ते डेस्कटॉपच्या डब्यावरच्या स्टिकरचे. आतल्या डिस्कचा एकही नाही. कुठली डिस्क पुसली याचा त्या कागदात पुरावाच नव्हता. बाहेरून जोडायच्या डिस्कचं खोकं मात्र मी जपून ठेवलं होतं (घरी यावरून मला कायम हसतात), त्यावरचा नंबर आणि त्या मुलानं पाठवलेला नंबर तंतोतंत जुळला. हे सांगितल्यावर समोरून फोन ठेवला गेला. तेव्हापासून तो लागत नाही.

मुलगा भला निघाला. तो डेटा रिकव्हरी, म्हणजे गेलेला डेटा परत मिळवणं, शिकत होता, सरावासाठी वापरलेल्या डिस्क विकत घेत होता, आणि एका मोफत प्रोग्रॅमनं त्याला हे सगळं मिळालं होतं. त्यानं डिस्क परत पाठवली. मी माझ्या हातानं तिच्यावर शून्यं लिहिली आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत समोर बसून राहिले. दोन तास!

मग यादी काढून एकेका ग्राहकाला फोन केले. काही शांत राहिले, एक गृहस्थ फार बोलले, दोघांनी काम काढून घेतलं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले माझे सगळे पासवर्डही बदलले.

एवढ्या मोठमोठ्यांचं असं होतं हे नंतर वाचलं, त्यानं फार बरं वाटलं नाही. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेनं जुनी यंत्रं काढायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं होतं, जिला डेटा नष्ट करण्याचा काहीच अनुभव नव्हता. डिस्क पुढे लिलावात विकल्या गेल्या. २०२२ मध्ये बँकेला ३.५ कोटी डॉलर दंड झाला. तिथेही ज्यानं डिस्क विकत घेतली त्यानंच बँकेला मेल करून कळवलं होतं.

आता मी असं करते. नवं यंत्र आलं की पहिल्या दिवशी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी. देताना आधी आतल्या डिस्कच्या लेबलचा फोटो काढते, नंबर वहीत लिहिते. फिरती डिस्क स्वतः पुसते, एसएसडी बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधून) किंवा उत्पादकाच्या प्रोग्रॅमनं. त्यानंतर स्वतःच रिकव्हरी प्रोग्रॅम चालवून काही सापडतं का ते बघते. ही पायरी कोणी करत नाही, आणि फसवणारा नेमका त्याच भरवशावर असतो. जी डिस्क चालत नाही ती कुणाला द्यायचीच नाही, फोडायची. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. एसएसडीत मधोमध एक भोक पाडून भागत नाही, प्रत्येक चिप फुटायला हवी.

दोन डेस्कटॉपच्या डिस्क कुठे आहेत, ठाऊक नाही. निदान त्यांचे नंबर जुन्या बिलांवर सापडले. बंद पडलेल्या डिस्कचा नंबर माझ्याकडे कुठेच नाही. बंद डिस्क कधीकधी फक्त बाहेरच्या हिरव्या सर्किट बोर्डातल्या बिघाडानं बंद असते, जाणकाराच्या हातात पडली तर पुन्हा बोलती होते. तिच्यात सर्वांत जुन्या ग्राहकांचे कागद आहेत. त्या माणसानं ती तपासूनही पाहिली नव्हती, सरळ पिशवीत टाकली होती.